मुष्टिवीर जो लुई

सामर्थ्य मिळविणें कठीण आहे, मिळविलेलें सामर्थ्य टिकविणें त्याहून कठीण आहे, आणि तें ओसरूं लागलें असतां वेळेवर ओळखून बाजूस होणें हें तर फारच थोड्यांस साधतें. आपल्याकडील तालमींत ही गोष्ट जुनीं माणसें जाणतात. गुडघे कुरकुरूं लागले व दम लवकर लागूं लागला, म्हणजे शहाणा पैलवान लंगोट खुंटीला टांगतो आणि आखाड्याच्या कांठीं बसून पोरांना डाव शिकवितो. परंतु असें सुखानें कांठीं बसणें सर्वांच्याच नशिबीं नसतें. कोणास टाळ्यांची चटक सोडवत नाहीं, कोणास आपलें वय झालें हें पटत नाहीं, आणि कोणाच्या पाठीशीं धनको उभा असतो. मुष्टियुद्धाचा, म्हणजे बॉक्सिंगचा, इतिहास अशा वीरांनीं भरलेला आहे. त्यांपैकीं सर्वांत थोर अशा एकाचें चरित्र आज आम्ही आमच्या विद्यार्थी वाचकांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों. त्याचें नांव जो लुई.

जोसेफ लुई बॅरो हें त्याचें पूर्ण नांव. अमेरिकेच्या दक्षिण भागांतील अलाबामा संस्थानांत, लाफायेट गांवाजवळच्या एका खोपटांत, ता. १३ मे १९१४ रोजीं त्याचा जन्म झाला. आठ भावंडांत तो सातवा. त्याच्या पूर्वजांनीं गुलामगिरी भोगलेली होती. आईबाप दुसऱ्याच्या जमिनींत कापूस पिकवीत आणि पिकाचा वाटा देऊन उरेल त्यावर गुजराण करीत. जो दोन वर्षांचा असतांनाच बापास वेड लागलें व त्यास वेड्यांच्या इस्पितळांत ठेवावें लागलें. आई लिली हिनें पुढें पॅट ब्रूक्स नांवाच्या गृहस्थाशीं पुनर्विवाह केला. १९२६ सालीं, कु क्लक्स क्लॅन या गोऱ्या दहशतखोरांच्या टोळीचा उपद्रव सोसवेनासा होऊन, हें कुटुंब उत्तरेस डेट्रॉइट शहरीं गेलें. तेथें फोर्डच्या मोटारींच्या कारखान्यांत कृष्णवर्णीयांसहि काम मिळत असे.

जो शाळेंत हुशार म्हणून कधींच ओळखला गेला नाहीं. बोलतांना तो अडखळे, म्हणून वर्गांत बहुधा गप्प बसे. पुढें त्याला ब्रॉन्सन उद्योगशाळेंत सुतारकाम शिकण्यास घातलें. मुलानें व्हायोलिन शिकावें अशी आईची फार इच्छा होती. पोटाला चिमटा घेऊन ती शिकवणीचे पैसे देई, आणि चिरंजीव ते पैसे ब्रूस्टर क्रीडागृहांत मुष्टियुद्ध शिकण्यासाठीं भरीत. व्हायोलिनच्या पेटींत हातमोजे दडवून तो घराबाहेर पडत असे, असें सांगतात. ही लबाडी शेवटीं उघडकीस आली. आई काय बोलली असेल तें प्रत्येक मातेनें मनाशीं ताडावें. पण अखेर तिनें संमति दिली.

१९३२ च्या आरंभीं हौशी खेळाडूंच्या सामन्यांत त्यानें पहिलें पाऊल टाकलें. प्रतिस्पर्धी जॉनी मायलर हा त्याच वर्षीं ऑलिंपिक सामन्यांस गेलेला कसलेला गडी. त्यानें या पोरास पुन्हां पुन्हां जमिनीवर लोळविलें. लाजेनें व मारानें खचून जो कांहीं महिने कारखान्यांत राबला. परंतु मुठी स्वस्थ बसूं देईनात. तो परत आला, आणि १९३४ सालीं देशांतील हौशी खेळाडूंचें लाइट-हेवीवेट अजिंक्यपद त्यानें मिळविलें. हौशी म्हणून खेळलेल्या ५४ सामन्यांपैकीं त्यानें ५० जिंकले होते. त्याच वर्षीं ता. ४ जुलै रोजीं शिकागो येथें तो धंदेवाईक म्हणून प्रथम रिंगणांत उतरला व पहिल्याच फेरींत त्यानें प्रतिस्पर्ध्यास आडवा केला. त्या रात्रीची त्याची कमाई ५९ डॉलर.

येथें त्या काळची एक कटु गोष्ट सांगितली पाहिजे. १९०८ सालीं जॅक जॉन्सन हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा हेवीवेट वर्गांत, म्हणजे सर्वांत भारी वजनाच्या गटांत, जगज्जेता झाला होता. त्याचें उघडें हंसणें, पडलेल्या गोऱ्या प्रतिस्पर्ध्यांस हिणवणें व गोऱ्या स्त्रियांशीं विवाह करणें गोऱ्या समाजास इतकें झोंबलें कीं, १९१५ मध्यें त्याचें पद गेल्यावर पुढें बावीस वर्षें एकाहि कृष्णवर्णीयास त्या पदासाठीं लढूं दिलें गेलें नाहीं. म्हणून लुईचे व्यवस्थापक जॉन रॉक्सबरो यांनीं त्याला कडक नियम घालून दिले. गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र काढून घ्यावयाचें नाहीं. पडलेल्या माणसाकडे पाहून आनंद दाखवावयाचा नाहीं. ठरवून केलेली लढत लढावयाची नाहीं. आचरण स्वच्छ ठेवावयाचें. त्याचा वस्ताद जॅक ब्लॅकबर्न हा स्वतः जुना मुष्टियोद्धा. आखूड आणि नेमका ठोसा कसा मारावा, पाय रोवून तोल कसा सांभाळावा, हें त्यानें लुईस घोटून घोटून शिकविलें. पंच गोरे असतात, तेव्हां निकाल त्यांच्यावर सोंपवूं नये, आपल्या मुठींनींच तो लावावा, ही त्याची शिकवण होती. लुईचा चेहरा रिंगणांत दगडासारखा निर्विकार राही तो स्वभावानें जसा, तसाच या शिस्तीनेंहि.

अवघ्या वर्षाच्या आंत त्याचें नांव देशभर झालें. १९३५ च्या जून महिन्यांत न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्यें त्यानें प्रिमो कार्नेरा या धिप्पाड इटालियन माजी जगज्जेत्यास सहाव्या फेरींत, आणि सप्टेंबरांत मॅक्स बेअर या दुसऱ्या माजी जगज्जेत्यास चौथ्या फेरींत हरविलें. बेअरशीं लढण्याच्या दिवशींच त्याचें मार्व्हा ट्रॉटर हिच्याशीं लग्नहि लागलें. हातीं पैसा येतांच त्यानें एक गोष्ट केली, ती आमच्या मतें त्याच्या कित्येक विजयांहून मोठी होती. बेकारीच्या दिवसांत त्याच्या घरच्यांस डेट्रॉइट शहराकडून मदतनिधींतून पैसे मिळाले होते. ते परत मागावयास कोणीहि आलें नव्हतें. लुईनें ती रक्कम आपण होऊन शहरास परत केली.

यशानें जी झोंप येते ती त्यालाहि आली. १९३६ सालीं जर्मनीचा माजी जगज्जेता मॅक्स श्मेलिंग याच्याशीं त्याचा सामना ठरला. श्मेलिंग तीस वर्षांचा. त्याचे दिवस संपले असें सर्वांचें मत. लुई सरावाऐवजीं गोल्फ खेळण्यांत रमला. इकडे श्मेलिंग लुईच्या लढतींचे चित्रपट पुन्हां पुन्हां पाहून एक उणीव शोधीत होता. डावा ठोसा मारून झाल्यावर लुईचा डावा हात क्षणभर खालीं येतो, हें त्यानें हेरलें. ता. १९ जून रोजीं त्या एका फटींतून त्याचा उजवा ठोसा आंत शिरत राहिला आणि बाराव्या फेरींत लुई कोसळला. ज्याचे दिवस संपले म्हणून म्हटलें तो जिंकला, कारण त्यानें अभ्यास केला होता. परीक्षेच्या आदल्या महिन्यांत क्रीडांगणावर रमणाऱ्या आमच्या बालमित्रांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

लुई खचला नाहीं. पुढच्याच वर्षीं, ता. २२ जून १९३७ रोजीं शिकागो येथें, जगज्जेता जेम्स ब्रॅडॉक याच्याकडून पहिल्या फेरींत एकदां जमिनीवर पडूनहि तो उठला आणि आठव्या फेरींत ब्रॅडॉकला हरवून जगज्जेता झाला. वय तेवीस. परंतु श्मेलिंगचें उसनें फेडल्यावांचून आपण खरे जगज्जेते नव्हे, असें त्यास वाटे. तो प्रसंग बरोबर एका वर्षानें, ता. २२ जून १९३८ रोजीं आला. तोंवर हिटलरच्या राजवटीनें श्मेलिंगचा विजय हा आपल्या वंशश्रेष्ठतेचा पुरावा म्हणून जगभर मिरविला होता. वस्तुतः श्मेलिंग नाझी पक्षाचा सभासद नव्हता आणि त्याचा अमेरिकेंतील व्यवस्थापक ज्यू होता. तथापि लोकांच्या दृष्टीनें ती लढत दोन माणसांची राहिली नव्हती. यांकी स्टेडियममध्यें ७० हजारांवर प्रेक्षक जमले होते आणि कोट्यवधि लोक रेडिओला कान लावून बसले होते. सामना २ मिनिटें ४ सेकंद चालला. श्मेलिंग तीन वेळां पडला व पंचांनीं लढत थांबविली. ज्या देशांत लुईस कित्येक उपाहारगृहांत गोऱ्यांच्या पंक्तीला बसूं दिलें नसतें, त्याच देशानें त्या रात्रीं त्याला आपला वीर म्हणून डोक्यावर घेतलें.

त्यानंतर जो लुईचें राज्य सुरू झालें. १९३७ पासून १९४९ पर्यंत, जवळजवळ बारा वर्षें, तो जगज्जेता राहिला आणि त्या अवधींत पंचवीस वेळां आव्हान स्वीकारून त्यानें पद राखलें. हेवीवेट वर्गांत इतका दीर्घ काळ कोणासहि साधलेला नाहीं. पैसा पाण्यासारखा आला आणि तसाच गेला. त्यानें आईला घर घेतलें, भावंडांस शिकविलें, जुन्या सोबत्यांस धंद्यासाठीं भांडवल दिलें. मागणाऱ्यास तो नाहीं म्हणत नसे. व्यवस्थापकांचा वाटा मोठा होता. आपल्या हिशेबाची वही त्यानें स्वतः कधीं उघडून पाहिली नाहीं. ती पाहणारे लोक आपण ठेवले आहेत, एवढ्यावर तो निश्चिंत होता.

महायुद्ध पेटलें. जानेवारी १९४२ मध्यें त्यानें बडी बेअरशीं लढून आपल्या वाट्याची सर्व रक्कम नौदलाच्या साहाय्यनिधीस दिली व लगेच महिना २१ डॉलर पगारावर साधा शिपाई म्हणून सैन्यांत नांव नोंदविलें. मार्च महिन्यांत एब सायमनशीं लढून ती मिळकत त्यानें लष्कराच्या साहाय्यनिधीस दिली. दोन्ही देणग्या मिळून ८० हजार डॉलरांहून अधिक होत्या. त्याच वर्षीं एप्रिलांत त्याचा वस्ताद ब्लॅकबर्न वारला. सैन्यांत असतांना लुईनें ठिकठिकाणच्या तळांवर सुमारे शंभर प्रदर्शनी सामने केले; ते वीस लाखांच्या आसपास सैनिकांनीं पाहिले असें म्हणतात. काळ्या व गोऱ्या सैनिकांस वेगळें बसविण्यास त्याचा विरोध असे. फोर्ट रायली येथें शिकलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांस अधिकाऱ्यांच्या वर्गांत घेत नसत. तेव्हां त्यानें आपलें वजन खर्चून तो दरवाजा उघडविला. आंत जाणाऱ्यांत जॅकी रॉबिन्सन हा तरुण होता. हाच पुढें १९४७ सालीं बेसबॉलच्या मोठ्या संघांतील वर्णभेदाची भिंत ओलांडणारा खेळाडू ठरला. १९४५ मध्यें सरकारनें लुईस लीजन ऑफ मेरिट हें पदक दिलें.

आतां आम्हांस चरित्राच्या त्या भागाकडे वळावयाचें आहे, ज्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला. पालकांनीं हा भाग मुलांसमवेत वाचावा अशी आमची विनंति आहे.

देशानें पदक दिलें, आणि त्याच देशाच्या करखात्यानें हिशेब मांडला. साहाय्यनिधीस दिलेल्या त्या दोन रकमा लुईच्या हातीं आल्याच नव्हत्या. पण खात्याच्या वहींत तें त्याचें उत्पन्न होतें व त्यावर कर बसला. मागील वर्षांचा कर सल्लागारांनीं नीट भरलेला नव्हता. सैन्यांत असतांना लुईनें सामन्यांच्या भावी कमाईवर उचल घेतली होती, तीहि डोक्यावर होती. १९४६ च्या जून महिन्यांत बिली कॉन याच्याशीं दुसऱ्यांदा लढून त्याच्या वाट्यास सहा लाखांहून अधिक डॉलर आले. पण जुनीं देणीं, व्यवस्थापकांचे वाटे व घटस्फोटाची तडजोड यांतच त्यांतले पुष्कळ वाहून गेले. सर्व कारकीर्दींत त्याच्या मुठींनीं ४६ लाख डॉलरांहून अधिक मिळविले आणि त्यांतील सुमारे आठ लाखच त्याच्या हातीं पडले, असा अंदाज दिला जातो. अशा स्थितींत कराची बाकी व तिजवरील व्याज दोन्ही वाढत गेलीं.

शरीरहि इशारा देऊं लागलें होतें. ता. ५ डिसेंबर १९४७ रोजीं जर्सी जो वॉल्कॉट यानें त्यास दोन वेळां खालीं पाडलें. पंधरा फेऱ्या संपल्या तेव्हां आपण हरलों असें समजून लुई निकाल ऐकण्यापूर्वींच रिंगणांतून उतरूं लागला. पंचांच्या बहुमतानें त्यास विजयी ठरविलें, परंतु प्रेक्षकांस तें रुचलें नाहीं. त्यासहि तें रुचलें नसावें. १९४८ च्या जून महिन्यांत त्यानें वॉल्कॉटला अकराव्या फेरींत हरवून तो डाग धुऊन काढला, आणि ता. १ मार्च १९४९ रोजीं अजिंक्य जगज्जेता म्हणून निवृत्ति जाहीर केली. वय चौतीस. येथें चरित्र संपतें तर तें किती सुंदर झालें असतें! वेळेवर थांबण्याचें जें शहाणपण आम्ही आरंभीं वाखाणलें, तें या माणसाजवळ होतें. तो थांबला होता.

पण त्याला थांबूं दिलें गेलें नाहीं. १९५० मध्यें करखात्याची मागणी पांच लाख डॉलरांच्या वर गेली. एवढी रक्कम मिळवून देणारी एकच विद्या त्याला ठाऊक होती, आणि तीहि आतां शरीराबरोबर झिजत चालली होती. ता. २७ सप्टेंबर १९५० रोजीं, छत्तीस वर्षांचा, २१८ पौंड वजनाचा लुई यांकी स्टेडियममध्यें नवा जगज्जेता एझर्ड चार्ल्स याच्यापुढें उभा राहिला. चार्ल्सचा लहानपणापासून आदर्श लुईच. ज्याच्या तसबिरी मुलांनीं भिंतीवर लावाव्या त्याच माणसास मारावें लागणें, हा प्रसंग कोणत्याहि तरुणास सुखाचा नव्हे. पंधरा फेऱ्यांत चार्ल्सनें लुईस स्पष्टपणें हरविलें. लुईस ठोसा मारण्याची संधि डोळ्यांना दिसे. पण हात पोंचेपर्यंत ती निघून गेलेली असे. जुन्या खेळाडूचें हेंच खरें दुःख होय. बुद्धि तीच राहते, किंबहुना वाढते, परंतु तिची आज्ञा पाळणारें शरीर उशीरा पोंचूं लागतें. श्मेलिंगशीं झालेली लढत पाहण्यास सत्तर हजार जमले होते. या वेळीं सुमारे बावीस हजार होते, आणि लुईस मिळाले सुमारे एक लाख डॉलर.

आमच्या विद्यार्थ्यांनीं येथें थोडें गणित करावें. मोठ्या उत्पन्नावरील कराचा वरचा दर त्या काळांत कांहीं वर्षीं ९० टक्क्यांहूनहि अधिक होता. म्हणजे नवीन लढतीची जी मिळकत होई, तिच्यावर त्या वर्षाचा नवा कर आधीं बसे. जें उरे तें जुन्या बाकीच्या व्याजासहि पुरत नसे. गळक्या हंड्यानें विहीर भरावी तसा हा प्रकार होता. ठोसे खाऊन हें ऋण फिटणेंच शक्य नव्हतें. तरीहि तो लढत राहिला, कारण दुसरें काय करावें हें त्याला कोणीं शिकविलें नव्हतें.

चार्ल्सकडून हरल्यावर त्यानें ओळीनें आठ सामने जिंकले व लोकांस पुन्हां आशा वाटूं लागली. मग ता. २६ ऑक्टोबर १९५१ ची रात्र आली. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें त्याच्यापुढें अठ्ठावीस वर्षांचा, एकहि सामना न हरलेला रॉकी मार्सियानो होता. लुई सदतीस वर्षांचा. त्याचा डावा हात अजून चालत होता, पण उजव्यांतली वीज गेली होती. आठव्या फेरींत मार्सियानोनें त्यास एकदां पाडलें. तो उठला. पुन्हां ठोसे बसले आणि लुई रिंगणाच्या दोरांतून अर्धा बाहेर जाऊन उताणा पडला. पाय मात्र आंत राहिले. पंचांनीं मोजण्याचीहि वाट पाहिली नाहीं. प्रेक्षकांत अनेकांचे डोळे पाणावले. विजयी मार्सियानो लुईच्या खोलींत जाऊन रडला, असें सांगतात. ती लुईची शेवटची लढत ठरली. धंदेवाईक म्हणून त्याच्या नांवावर ६६ विजय व ३ पराजय राहिले. तीनपैकीं दोन पराजय निवृत्तीनंतरचे आहेत.

पुढचीं वर्षें आम्ही थोडक्यांत सांगतों, कारण तीं सांगतांना लेखणी जड होते. १९५३ सालीं आई वारली. तिच्या पश्चात् त्याच्या वाट्यास आलेले ६६७ डॉलरहि करखात्यानें घेतले असें नमूद आहे. १९५६ मध्यें हा जगज्जेता पोटासाठीं तमाशेवजा कुस्त्या करूं लागला. त्यांतहि तीनशे पौंडांच्या एका पैलवानाचा भार छातीवर पडून त्यास दुखापत झाली, हृदयास इजा पोंचल्याचें डॉक्टरांनीं सांगितलें व तोहि मार्ग बंद झाला. कर्जाचा आंकडा तोंवर व्याजासह दहा लाख डॉलरांवर गेला होता. शेवटीं १९६० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत करखात्यानें, चालू मिळकतीपुरतीच वसुली करावयाची, असें मान्य करून त्याचा पिच्छा सोडला. १९५९ मध्यें झालेली पत्नी मार्था ही वकील होती. तिनें त्याचा संसार सांवरला. तथापि मादक द्रव्यांची बाधा व मनाचा आजार जडून १९७० सालीं त्यास कांहीं महिने डेन्व्हर येथील इस्पितळांत राहावें लागलें. नंतर लास वेगास येथील सीझर्स पॅलेस या हॉटेलांत आलेल्या पाहुण्यांचें स्वागत करावें, त्यांच्याशीं हस्तांदोलन करावें, अशी नोकरी त्यास मिळाली. कित्येकांस ती अपमानाची वाटली. त्यानें मात्र तक्रार केल्याचें आढळत नाहीं. १९७७ सालीं हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीवर शस्त्रक्रिया झाली व त्यानंतर तो चाकाच्या खुर्चीस खिळला.

या दुःखद कथेंत एक स्नेहाचा धागा आहे. ज्या श्मेलिंगशीं त्याचें वैर जगानें रंगविलें, तो मनुष्य खरोखर थोर निघाला. १९३८ च्या नोव्हेंबरांत बर्लिनमध्यें ज्यूंवर हल्ले झाले, तेव्हां त्यानें आपल्या ओळखीच्या एका ज्यू गृहस्थाचीं दोन मुलें स्वतःच्या खोलींत लपवून वांचविलीं. युद्धानंतर तोहि निर्धन झाला होता आणि चाळिशी उलटल्यावर पैशासाठीं १९४७-४८ मध्यें पुन्हां रिंगणांत उतरला होता. पांच सामने, शेवटचा हार. पण त्याच्या नशिबानें त्यास नंतर कोका-कोलाचा व्यापार मिळाला, व तो सुखी झाला. १९५४ सालीं तो अमेरिकेंत येऊन लुईस भेटला, दोघे मित्र झाले, आणि अडचणींत त्यानें लुईस पैशाचें साहाय्यहि केलें. एकाच वाटेनें चाललेले हे दोघे. एकास वेळेवर दुसरा धंदा सांपडला, एकास सांपडला नाहीं. अंतर एवढेंच.

लुई एकटाच या वाटेनें गेला असें मात्र नाहीं. जिम जेफ्रीज हा पांच वर्षांहून अधिक विश्रांति भोगल्यावर, लोकांच्या आग्रहास बळी पडून, १९१० सालीं जॅक जॉन्सनपुढें आला व हरला. लुईस हरविणारा चार्ल्स पुढें स्वतः १९५९ पर्यंत लढत व हरत राहिला. स्नायूंच्या असाध्य रोगानें १९७५ सालीं त्याचा अंत झाला. वेळेवर थांबला तो मार्सियानो. १९५६ मध्यें ४९ विजय व शून्य पराजय अशा स्थितींत त्यानें हातमोजे काढले ते पुन्हां घातले नाहींत. मस्तकावर वर्षानुवर्षें बसणाऱ्या ठोशांनीं मेंदूची झीज होते, हें अमेरिकेंतील डॉक्टर हॅरिसन मार्टलंड यांनीं १९२८ सालींच निबंध लिहून दाखविलें होतें. लुईच्या आजाराचें कारण तेंच होतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु उतार वयांतला प्रत्येक सामना म्हणजे शरीराकडून काढलेलें कर्जच होय, आणि त्याचें व्याज करखात्याच्या व्याजाहून कठोर असतें.

१९८० च्या ऑक्टोबर महिन्यांत, त्याच सीझर्स पॅलेसच्या आवारांत, निवृत्तींतून परतलेला अडतीस वर्षांचा मुहम्मद अली हा लॅरी होम्सकडून दहा फेऱ्या मार खाऊन हरला. पूर्वीं होम्स हा अलीच्याच सरावांतला सोबती होता. चार्ल्स व मार्सियानो यांच्या बाबतींत जें घडलें तेंच पुन्हां घडलें. सहा महिन्यांनीं, ता. ११ एप्रिल १९८१ रोजीं, होम्सचा दुसरा सामना तेथेंच होता व चाकाच्या खुर्चींतून जो लुई तो पाहण्यास आला होता. प्रेक्षकांनीं उभें राहून त्याचा जयजयकार केला. दुसऱ्या दिवशीं हृदयक्रिया बंद पडून त्याचें देहावसान झालें. वय सहासष्ट.

राष्ट्राध्यक्ष रेगन यांनीं नियमास अपवाद करून आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय सैनिक स्मशानभूमींत त्यास जागा दिली. अंत्यविधीच्या खर्चासहि श्मेलिंगनें हात लाविला. पुढच्या वर्षीं अमेरिकन काँग्रेसनें त्यास मरणोत्तर सुवर्णपदक अर्पण केलें, आणि १९८६ सालीं डेट्रॉइटच्या मध्यभागीं त्याच्या मुठीचें चोवीस फूट लांबीचें ब्राँझचें शिल्प उभारण्यांत आलें. जिवंतपणीं ज्या मुठीवर कराची जप्ती होती, तिचा असा गौरव झाला.

या चरित्रापासून काय घ्यावें? लुई उधळ्या होता असें म्हणून त्याला दोष देणें सोपें आहे. पण ज्यानें न मागतां सरकारी मदत परत केली, शिपायाच्या पगारावर असतांना देशाला हजारों डॉलर दिले, पडलेल्या शत्रूकडे पाहून जो कधीं हंसला नाहीं, त्याला दोष देण्यास आमची जीभ रेटत नाहीं. त्याचें उणें एकच. आपला हिशेब त्यानें दुसऱ्यांच्या हातीं दिला. औदार्यास हिशेबाची जोड नसली म्हणजे तें औदार्य शेवटीं मालकालाच विकून टाकतें.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यांत कोणी उत्तम धांवतो, कोणी उत्तम गातो, कोणी फलंदाजींत नांव काढतो. त्याचा आम्हांस अभिमान आहे. पण त्याबरोबर आणखी एक विद्या हातीं असूं द्या, जी पाय थकल्यावरहि चालेल. आणि स्वतःच्या वहींतली बेरीज स्वतः करावयास शिका. पालकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, मुलाच्या एका गुणावर टाळ्या वाजवितांना त्या टाळ्या थांबल्यावर तो काय करील हेंहि आज त्याच्याशीं बोलावें. आणि आपण सर्वजण, जे प्रेक्षक म्हणून बांकावर बसतों, त्या आपणांसहि कांहीं कर्तव्य आहे. थकलेल्या वीरास आणखी एकदां उतर म्हणून आरडाओरड करणारा आवाज आपला नसावा.